चार वाटांची एक वाट

चार मजूर एका दिवसात जितकी माती काढतात, तिच्या चौपट माती सोळा मजूर काढतील, असे त्रैराशिक आपण सर्वांनी प्राथमिक शाळेत सोडविलेले आहे. त्या गणितात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती अशी की, सोळाही जणांस काम सारखे वाटून मिळते. एकाच्या वाट्यास खडक आला आणि दुसरा झाडाखाली बसून राहिला, तर पाटीवरचे उत्तर बरोबर येते; खड्डा मात्र वेळेवर पुरा होत नाही. संगणकांच्या जगातही हीच अडचण नित्य उभी राहते. माहिती साठविणाऱ्या जाळ्यातील दोन स्विचांमध्ये एका दुव्याऐवजी चार दुवे घातले, तर चौपट माहिती वाहील काय? या लेखात आम्ही एवढ्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. प्रश्न लहान दिसतो. पण त्याच्या पोटात बरेच काही दडलेले आहे.

प्रथम हे जाळे कसले, ते पाहू. पूर्वी प्रत्येक घरात धान्याची स्वतंत्र कणगी असे, तशी संगणकांच्या आरंभीच्या काळात प्रत्येक यंत्राच्या पोटात त्याची स्वतःची डिस्क असे. एका यंत्राची डिस्क भरून वाहत आहे आणि शेजारच्याची निम्मी रिकामी आहे, असा प्रकार सर्रास घडे. म्हणून मोठ्या बँका, रुग्णालये, विमा कंपन्या यांनी साऱ्या डिस्का एका मोठ्या कोठारात एकत्र केल्या आणि ज्या यंत्रांना त्यांची गरज पडते, ती यंत्रे, म्हणजे सर्व्हर, त्या कोठाराशी केबलांनी जोडली. या जोडणीच्या जाळ्यास साठवण-जाळे म्हणावे. त्याच्या मध्यभागी जे यंत्र असते त्याचे नाव स्विच. हा स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. जुन्या टेलिफोन कचेरीत बसलेली बाई ज्याप्रमाणे एका घराची तार दुसऱ्या घराच्या तारेशी जोडून देई, त्याप्रमाणे हे यंत्र आलेली माहिती ज्याची त्याच्याकडे पाठवून देते. फरक इतकाच की, ते काम ते एका सेकंदात लक्षावधी वेळा करते. ज्या खाचेत केबल खोचतात तिला पोर्ट म्हणतात. एका स्विचाची पोर्टे भरली की दुसरा स्विच ठेवावा लागतो, आणि मग त्या दोहोंमध्ये दुवा घालावा लागतो. आमचा सारा विषय या दुव्याचा आहे.

अशा जाळ्यांत सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे फायबर चॅनल. तिचे काम अमेरिकेत १९८८ साली सुरू झाले आणि १९९४ साली तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने तिला मान्यता दिली. नावात फायबर असले तरी ती काचेच्या तंतूवरून जशी चालते तशी तांब्याच्या तारेवरूनही चालावी, अशी योजना होती. म्हणूनच त्या शब्दाचे स्पेलिंग अमेरिकन न ठेवता मुद्दाम ब्रिटिश ठेवण्यात आले. शब्दाच्या अर्थाला चिमटा काढण्याची ही युक्ती आम्हांस मोठी गमतीची वाटते.

फायबर चॅनलमध्ये माहिती सलग धारेने जात नाही. तिचे लहान लहान गठ्ठे बांधतात. गठ्ठ्यास फ्रेम म्हणतात. एका फ्रेमीत जास्तीत जास्त २११२ बाइट मजकूर मावतो. त्यावर २४ बाइटांचा पत्ता, आरंभाची व शेवटाची खूण आणि मजकूर वाटेत बिघडला की काय हे ताडण्याचा अंक, असे सर्व मिळून फ्रेम २१४८ बाइटांपर्यंत जाते. एक मेगाबाइटाचे चित्र पाठवावयाचे तर सुमारे ५०० फ्रेमी लागतात.

या फ्रेमीच्या लांबीचा हिशेब विद्यार्थ्यांनी एकदा स्वतः करून पाहावा. २ गिगाबिट वेगाच्या दुव्यावर एका सेकंदात सुमारे २०० मेगाबाइट मजकूर जातो. त्या वेगाने पूर्ण फ्रेम बाहेर पडण्यास सुमारे १० मायक्रोसेकंद, म्हणजे एका सेकंदाचा एक लक्षांश इतका काळ लागतो. काचेत प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर धावतो; तेव्हा १० मायक्रोसेकंदांत तो २ किलोमीटर जातो. याचा अर्थ, तंतूमध्ये पसरलेली एक फ्रेम २ किलोमीटर लांब असते! दोन स्विचांतील केबल तर बहुधा दहावीस मीटरांची. इंजिन पुढच्या स्टेशनात शिरून थांबले आणि गार्डाचा डबा अजून मागच्या स्टेशनातून निघालाच नाही, अशी आगगाडी वाचकांनी डोळ्यांसमोर आणावी. हे चित्र आपणांस पुढे उपयोगी पडेल.

आता एका रुग्णालयाची कल्पना करू. दिवसभर तेथे रोग्यांच्या नोंदी, क्ष-किरणांची चित्रे, तपासण्यांचे निकाल जमा होतात. रात्री १० वाजल्यापासून सकाळी ६ वाजेपर्यंत या सर्वांची नक्कल दुसऱ्या कोठारात उतरवून ठेवावयाची आहे. हे काम चैनीचे नव्हे. मूळ डिस्का जळाल्या वा बिघडल्या तर ती नक्कल हाच एक आधार. नक्कल अपुरी असेल, तर कोणत्या रोग्यास कोणते औषध सोसत नाही, गेल्या वर्षीच्या चित्रात गाठ केवढी होती, या गोष्टी कायमच्या पुसल्या जातील. आणि नक्कल सकाळपर्यंत लांबली, तर बाह्यरुग्ण विभाग उघडतो त्याच वेळी सारे दुवे तिने अडवून धरलेले असतील. डॉक्टर पडद्याकडे पाहत बसतील आणि रोगी डॉक्टरांकडे.

समजा, नक्कल करावयाची माहिती १० टेराबाइट आहे, म्हणजे १ कोटी मेगाबाइट. दोन स्विचांमध्ये २ गिगाबिटचा एकच दुवा असेल, तर १ कोटीस २०० ने भागून ५०,००० सेकंद येतात. रात्री १० ला सुरू केलेले काम दुसऱ्या दिवशी ११ वाजून ५३ मिनिटांनी संपेल. हे चालणार नाही. म्हणून व्यवस्थापक चार दुवे घालतात. ५०,००० ला ४ ने भागले की १२,५०० सेकंद. काम पहाटेच काय, मध्यरात्रीनंतर १ वाजून २८ मिनिटांनी पुरे झाले पाहिजे. कागदावर सर्व ठीक आहे.

परंतु ते तसे होतेच असे नाही. का, ते समजण्यासाठी आपण क्षणभर बसस्थानकावर जाऊ. समजा, आमच्या बेळगावच्या स्थानकावर तिकिटांच्या चार खिडक्या आहेत आणि प्रत्येकीवर गावाची पाटी आहे: निपाणी, खानापूर, गोकाक, सौंदत्ती. एरवी सर्व सुरळीत चालते. पण यल्लम्मेच्या यात्रेची पौर्णिमा आली की सौंदत्तीच्या खिडकीपुढची रांग रस्त्यापर्यंत जाते आणि निपाणीच्या खिडकीतील कारकून वर्तमानपत्र वाचत बसतो. खिडक्या चारच आहेत, कारकूनही चारच आहेत. पण त्या दिवशी स्थानकास खरोखर एकच खिडकी आहे.

स्विचांची जुनी रीत अगदी अशीच होती. दोन स्विचांमध्ये सारख्याच योग्यतेच्या चार वाटा दिसल्या की स्विच त्या वाटा पोर्टांना पाळीने वाटून देई. पहिल्या पोर्टाला पहिला दुवा, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला तिसरा, चौथ्याला चौथा. पाचव्याला पुन्हा पहिला, नवव्यालाही पहिला. एकदा वाटणी झाली की त्या पोर्टाची माहिती त्याच दुव्याने जावयाची. शेजारचा दुवा ओस पडला असला तरी तिकडे फिरकावयाचे नाही. आता आमच्या रुग्णालयात नक्कल करणारे सर्व्हर चार आहेत आणि प्रत्येकावर अडीच टेराबाइटांचा भार आहे. ते नेमके पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या आणि नवव्या पोर्टांवर जोडलेले निघाले. रात्री बाकीचे सर्व्हर निजलेले. मग काय घडते? पहिला, पाचवा आणि नववा हे तिघे एकाच दुव्यावर. साडेसात टेराबाइट एकट्याच्या माथी. दुसऱ्याचे काम १ वाजून २८ मिनिटांनी संपते; त्या तिघांचे मात्र ३७,५०० सेकंद चालून सकाळी ८ वाजून २५ मिनिटांनी संपते. तिसरा आणि चौथा दुवा रात्रभर स्वस्थ असतात. चार दुव्यांचे पैसे दिले, चार दुव्यांचे दिवे स्विचावर हिरवे दिसत आहेत, आणि तरीही बाह्यरुग्ण विभागाची वेळ टळली ती टळलीच.

केबल खोचण्याचा क्रम बदलला तर ही विशिष्ट अडचण टळेल, असे कोणी म्हणेल. टळेल खरी, पण उद्या नवा सर्व्हर आला किंवा नकलेची वेळ बदलली की ती दुसरीकडे डोके वर काढील. दोष क्रमात नाही. चार वाटा एकमेकींस मदत करीत नाहीत, हा खरा दोष आहे.

ही गोष्ट संगणकांच्या कितीतरी आधी टेलिफोनवाल्यांना उमगली होती. ए. के. एरलांग नावाचे एक डॅनिश गणिती कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करीत असत. दोन एक्स्चेंजांमध्ये किती तारा घालाव्यात, याचा विचार करताना त्यांनी संभवशास्त्राचा आधार घेतला; त्यांचा पहिला निबंध १९०९ साली आणि प्रसिद्ध सूत्र १९१७ साली प्रकाशित झाले. त्या सूत्राचे एक फळ आम्ही येथे देतो. चार तारा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीवर येणारी मागणी तिच्या क्षमतेच्या निम्मी आहे, असे समजा. तार गुंतलेली असताना आलेला माणूस परत जातो. सूत्र सांगते की, तिघांपैकी एक माणूस परत जाईल. आता तारा त्याच, माणसे तीच. फक्त चारही तारा एकत्र करून कोणत्याही माणसास जी मोकळी असेल ती तार द्यावयाची, एवढाच बदल करा. परत जाणारांचे प्रमाण २१ पैकी २ वर येते, म्हणजे दहात एकाहूनही कमी. एकही नवी तार न घालता हा फरक पडला! साठवण-जाळ्यात कोणी परत जात नाही, थांबून राहतो. म्हणून आकडे तेच राहणार नाहीत. पण एकत्र केलेल्या वाटा सुट्या वाटांहून अधिक काम देतात, हा नियम तेथेही लागू पडतो. दुव्यांच्या अशा एकत्रीकरणास ट्रंक हे जे नाव पडले, तेही टेलिफोनच्या घरातूनच आलेले आहे. एक्स्चेंज ते एक्स्चेंज जाणाऱ्या तारांना ट्रंक म्हणत. घरातील वडील मंडळींस ट्रंककॉल लावून तासन्तास वाट पाहण्याचे दिवस आठवत असतील; पत्र्याच्या ट्रंकेशी त्याचा संबंध नाही.

मग सरळ मार्ग हा दिसतो की, खिडक्यांवरच्या पाट्या काढून टाकाव्यात, एकच रांग करावी, आणि जो पुढे येईल त्याने मोकळ्या खिडकीकडे जावे. फ्रेमींच्या बाबतीत तसे लगेच का करता येत नाही? कारण फ्रेमींचा क्रम. एका लांब पत्राची पाने चार पोस्टमनांबरोबर चार वाटांनी धाडली, तर सातवे पान सहाव्याच्या आधी पोचण्याचा संभव आहे. प्रत्येक पानावर आकडा घातलेला असतो. पत्र घेणारा ती जुळवून घेऊ शकेल. परंतु डिस्का आणि त्यांचे नियंत्रक या बाबतीत फार हट्टी असतात. त्यांच्यापैकी कित्येकांची समजूत अशी असते की, सहावे पान येण्यापूर्वी सातवे आले त्याअर्थी सहावे हरवले. मग ते सारे पत्र रद्द करून पुन्हा मागवितात. वेग वाढविण्यासाठी केलेली खटपट वेग घालविण्यास कारण होते.

या पेचातून वाट काढण्याच्या दोन रीती निघाल्या. दोन्ही आजही वापरात आहेत.

पहिली रीत संभाषणे वाटण्याची. सर्व्हर डिस्केला म्हणतो, अमुक मजकूर दे. डिस्क तो देते. काम झाल्याचे कळवते. इतक्या देवघेवीस फायबर चॅनलच्या परिभाषेत एक्स्चेंज म्हणतात आणि तिला एक क्रमांक असतो. पाठविणारा, घेणारा आणि हा क्रमांक या तीन आकड्यांचे एक ठरीव गणित करून स्विच त्या देवघेवीस कोणता तरी एक दुवा नेमून देतो. एका देवघेवीतील साऱ्या फ्रेमी एकाच दुव्याने जातात, म्हणून त्यांचा क्रम बिघडत नाही. पुढची देवघेव दुसऱ्या दुव्याने गेली तरी हरकत नाही. लग्नाचे वऱ्हाड जसे एकाच खिडकीपाशी उभे राहते आणि दुसरे वऱ्हाड दुसऱ्या, तसे हे. सिस्को कंपनीने २००२ साली या क्षेत्रात पाऊल टाकले, तेव्हा तिच्या स्विचांत असे १६ दुवे एकत्र बांधण्याची सोय होती आणि ते दुवे स्विचाच्या वेगवेगळ्या पत्त्यांवर, म्हणजे निरनिराळ्या कार्डांवर असले तरी चालत. साध्या संगणक-जाळ्यांसाठी, इथरनेटसाठी, २००० साली जे मानक झाले, त्याचीही दृष्टी मुळात हीच आहे: एका संभाषणाचे तुकडे करू नयेत. या रीतीत दैवाचा अंश मात्र असतो. नाणे चार वेळा फेकले तर चारही वेळा छापा पडू शकतो. चार हजार वेळा फेकले तर छापा-काटा जवळजवळ सारखे येतात. देवघेवी सहस्रावधी असतील तर चारही दुवे सारखे भरतात. थोड्या आणि मोठ्या असतील तर दोन वऱ्हाडे एकाच खिडकीवर यायची.

दुसरी रीत फ्रेमी वाटण्याची. ही अधिक कठीण आणि आमच्या मते अधिक सुंदर. १९९५ साली सेथ नीमन, पॉल बॉन्डरसन आणि कुमार मालवल्ली या तिघांनी कॅलिफोर्नियात ब्रोकेड नावाची कंपनी काढली. मालवल्ली हे मैसूर विद्यापीठाचे अभियांत्रिकीचे पदवीधर, म्हणजे आपल्या या प्रांतातच शिकलेले. या कंपनीने २००१ साली २ गिगाबिटचे स्विच आणले, त्यांत चार दुव्यांचा ट्रंक बांधण्याची सोय होती. पुढच्या पिढीत ही संख्या आठ झाली. यात देवघेव कोणाची हे पाहावयाचेच नाही. पुढची फ्रेम आली की जो दुवा मोकळा असेल त्याने ती पाठवून द्यावयाची. चार दुवे मिळून बाहेरच्या जगास एकच ८ गिगाबिटचा दुवा दिसतो.

क्रमाचे काय? येथे आगगाडीचे चित्र पुन्हा आणू. चार समांतर रुळांवरून गाड्या सोडावयाच्या आहेत आणि अट अशी की, ज्या क्रमाने त्यांची इंजिने या स्टेशनातून सुटली त्याच क्रमाने ती पुढच्या स्टेशनात शिरली पाहिजेत. चारही रूळ अगदी सारख्या लांबीचे असतील तर प्रश्न उरत नाही, कारण प्रकाशाचा वेग सर्वत्र तोच. पण केबला सारख्या लांबीच्या कोठून असणार? एक भिंतीच्या कडेने गेली, दुसरी छतावरून वळसा घालून आली. काचेत एक मीटर अंतर कापण्यास प्रकाशाला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे एका सेकंदाचा अब्जांश. केबल ३० मीटर अधिक लांब असेल तर तिच्यावरची फ्रेम १५० नॅनोसेकंद मागे पडते. तेव्हा ट्रंक बांधताना दोन्ही स्विच आधी एकमेकांकडे खुणा पाठवून प्रत्येक दुव्यास किती वेळ लागतो, हे मोजून घेतात. सर्वांत आखूड दुवा प्रमाण धरून इतरांची पिछाडी किती, याची नोंद ठेवतात आणि फ्रेमी सोडताना तेवढा फरक हिशेबात धरतात. केबलांच्या लांबीतील फरक ३० मीटरांच्या आत ठेवावा, असा कंपनीचा सल्ला असतो, तो याच कारणाने. इतका सूक्ष्म हिशेब हा चारही दुवे स्विचाच्या एकाच चिपेला जोडलेले असतील तरच साधतो. म्हणून ट्रंकाचे दुवे एका ठरीव गटातील शेजारशेजारच्या पोर्टांवरच घालावे लागतात. सिस्कोच्या रीतीत जी मोकळीक आहे ती येथे नाही. सूक्ष्मतेची ही किंमत होय.

रुग्णालयाकडे परत येऊ. चार दुव्यांचा ट्रंक बांधला की पहिला, दुसरा, पाचवा, नववा हा भेदच उरत नाही. चार सर्व्हर आपापल्या २०० मेगाबाइटांच्या वेगाने माहिती ओततात, ट्रंक ८०० मेगाबाइट वाहून नेतो, आणि पलीकडचे कोठार तेवढे घेण्यास समर्थ असेल तर काम १ वाजून २८ मिनिटांनी संपते. एक दुवा मध्यरात्री तुटला तरी वाट बंद पडत नाही, अरुंद होते: तीन दुव्यांवर सारी नक्कल केली असती तरी ती २ वाजून ३८ मिनिटांनी संपली असती.

एकट्या दुव्याची कोंडी सर्वांच्या मुळावर कशी येते, तेही सांगितले पाहिजे, कारण साठवण-जाळ्याचा हा विशेष नेहमीच्या जाळ्यांत सहसा आढळत नाही. आपल्या नेहमीच्या इंटरनेटवर वाटेत गर्दी झाली की स्विच आलेला गठ्ठा खुशाल टाकून देतो. पाठविणारा तो पुन्हा पाठवितो. फायबर चॅनलमध्ये असे करावयाचे नाही, असा दंडक आहे. समोरच्या पोर्टाकडे किती फ्रेमी ठेवण्यास जागा आहे, हे पाठविणाऱ्यास आधीच कळविलेले असते. या परवान्यास क्रेडिट म्हणतात. एक फ्रेम पाठविली की एक क्रेडिट खर्ची पडते. समोरच्याने जागा मोकळी केल्याची खूण पाठविली की ते परत मिळते. क्रेडिट संपले की थांबावयाचे. यामुळे फ्रेम सहसा हरवत नाही, पण कोंडी मागे मागे सरकत जाते. ऊसगाळपाच्या दिवसांत आमच्या भागात हे दृश्य सर्वांनी पाहिलेले आहे. कारखान्याचे आवार भरले की उसाचे ट्रॅक्टर फाटकाबाहेर उभे राहतात, रांग गावातून हमरस्त्यावर येते, आणि मग ज्या एसटीला कारखान्याशी काही कर्तव्य नाही तीही त्या रांगेत अडकते. जाळ्यातही असेच होते. नकलेने अडलेल्या दुव्यामागे अतिदक्षता विभागाची एखादी चिमुकली नोंद उभी राहते. तिला केवळ काही बाइट जागा हवी असते. पण पुढची फ्रेम हलेपर्यंत तीही हलू शकत नाही. त्या वेळी शेजारी दोन दुवे रिकामे असणे, ही गोष्ट संतापजनक होय.

येथवर वाचून कोणास वाटेल की, शक्य तितके दुवे घालून ट्रंक बांधावेत म्हणजे झाले. दोन कारणांनी ते खरे नाही. प्रत्येक दुवा दोन्ही बाजूंची एकेक पोर्ट खातो. १६ पोर्टांच्या दोन स्विचांमध्ये ४ दुवे घातले तर यंत्रांसाठी दोहोंकडे १२-१२ पोर्टे राहतात. ८ घातले तर ८-८ च. पहिल्या जुळणीत १२ यंत्रांनी एकाच क्षणी पलीकडे धाव घेतली तर तिघांमागे एक वाट आहे. दुसऱ्या जुळणीत प्रत्येकास आपली वाट आहे, पण ३२ पोर्टांचे पैसे देऊन १६ यंत्रेच जोडता आली. व्यवहारात सर्व यंत्रे एकदम धावत नाहीत, म्हणून आधी काही दिवस प्रत्यक्ष वाहतूक मोजावी आणि मग ठरवावे, हेच शहाणपणाचे. आणि जाळ्याची रचना करणाऱ्याने यंत्रे नीट बसविली, म्हणजे ज्या सर्व्हरास ज्या कोठाराशी नेहमी काम, ती दोन्ही एकाच स्विचावर ठेवली, तर दुवा ओलांडण्याचा प्रसंगच पुष्कळदा येत नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ट्रंक रुंदी देतो, अभय देत नाही. चारही दुवे एका चिपेवर, एका स्विचात. तो स्विच जळाला तर चारही एकदम गेले. म्हणून जेथे माहितीचे मोल प्राणाइतके आहे तेथे दोन पूर्णपणे स्वतंत्र जाळी उभारतात. प्रत्येक सर्व्हराचा एक पाय या जाळ्यात, एक त्या जाळ्यात. दोन जाळ्यांमध्ये एकही तंतू सामाईक नाही. ट्रंक बांधावयाचा तो प्रत्येक जाळ्याच्या आत. चार दुवे आहेत एवढ्यावर निर्धास्त होऊन दुसरे जाळे न उभारणारा व्यवस्थापक आम्हांस तरी धाडसी वाटतो, आणि असे धाडस त्याने स्वतःच्या जिवावर करावे, रोग्यांच्या नव्हे.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करू. चार २-गिगाबिट दुव्यांचा ट्रंक आणि एकच ८-गिगाबिट दुवा ही दोन सर्वस्वी सारखी नव्हेत. सेकंदास वाहणारी माहिती दोहोंत तितकीच. पण ट्रंकातील एकट्या फ्रेमीस बाहेर पडण्यास १० मायक्रोसेकंदच लागतात, ८-गिगाबिट दुव्यावर मात्र अडीच-पावणेतीन. रस्ता चौपदरी केल्याने एकट्या गाडीचा वेग वाढत नाही.

त्या वेगात मध्यंतरी मोठी वाढ झाली आहे. २ नंतर ४, ८, १६, ३२ आणि आता ६४ गिगाबिटचे दुवे मिळतात. अशा ८ दुव्यांचा ट्रंक ५१२ गिगाबिटचा होतो. ब्रोकेड कंपनी २०१७ साली ब्रॉडकॉमने विकत घेतली, परंतु फ्रेमी वाटण्याची ती रीत तिच्या स्विचांत अद्याप चालू आहे. बदलला आहे तो आगगाडीचा आकार. २ गिगाबिटच्या काळी जी फ्रेम तंतूत २ किलोमीटर पसरत असे, ती ६४ गिगाबिटच्या दुव्यावर जेमतेम ६५ ते ७० मीटरांत मावते. प्रकाश मात्र पूर्वीइतक्याच वेगाने चालतो. त्या काळी केबलांच्या लांबीतील ३० मीटरांचा फरक म्हणजे लांबलचक गाडीतला एखादा डबा होता. आज तो जवळजवळ अर्धी गाडी आहे. त्यामुळे ट्रंकासाठी केबला कापताना टेप घेऊन त्यांची लांबी सारखी ठेवण्याचे काम आज पूर्वीपेक्षा अधिक काळजीने करावे लागते.